एक वर्ष खुर्ची कामगाराकडे द्या, मग लीडरशिपचं बोलू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, कापायचं तर कापा, फक्त मधला, कारखान्यातल्या तक्रार निवारण समितीच्या कायद्याचा भाग तेवढा ठेवा, कारण बाकी सगळं कुठे ना कुठे छापून येतं आणि नेमका तोच येत नाही.

तुमच्या करिअरच्या पानावर गेले काही महिने सारखे लेख येतायत, की कामाचं जग बदलतंय, हुकूम सोडणारे बॉस आता चालणार नाहीत, सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारे लीडर पाहिजेत वगैरे. वाचायला बरं वाटतं, मुद्दाही चुकीचा नाही. पण हे लीडर घडणार कुठे, याचं उत्तर प्रत्येक लेखात एकच असतं, वर्कशॉप, कोर्स, कोच. मी भोसरी आणि नंतर चाकण अशी सगळी नोकरी ऑटो पार्टच्या कंपन्यांत काढली, हेल्पर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झालो, आता अधूनमधून आयटीआयच्या पोरांना शॉप फ्लोअरबद्दल सांगायला जातो. त्यामुळे या विषयावर माझं म्हणणं जरा वेगळं आहे, आणि ते आयआयएमवाल्यांना पटेलच असं नाही.

आधी बदललंय काय ते सांगतो, कारण लेखांमध्ये एआय आणि रोबो याच्यापुढे गाडी जात नाही. आमच्या वेळचा फोरमन म्हणजे त्याला सगळं यायचं. लेथ यायची, पार्ट धरून ठेवणारं फिक्स्चर कसं बसवायचं ते यायचं, तयार पार्ट नुसता हातात घेऊन साईज कुठे गेली ते सांगायचा. तो ओरडायचा, पण ओरडण्याचा हक्क त्याने कमावलेला असायचा. आता चाकणच्या कुठल्याही वेल्डिंग शॉपमध्ये रात्रपाळीला जाऊन बघा. रोबो उभा राहिला तर त्याचा प्रोग्राम माहिती असतो व्हेंडरच्या इंजिनिअरला, तो फोनवर. वेल्ड फुटतोय का हे कळतं क्वालिटीच्या मुलीला, तिच्या टॅबवर. फिक्स्चरची पिन झिजलीय हे माहिती असतं त्या ऑपरेटरला जो रोज तिथे उभा असतो, आणि तो ठेकेदाराचा माणूस, त्याला कुणी विचारत नाही. आणि माल कधी गेला पाहिजे हे डिस्पॅचवाल्याला, कारण गेटवर गाडी उभी आणि कस्टमरचा माणूस व्हॉट्सअॅपवर दर दहा मिनिटांनी प्रश्नचिन्ह टाकतोय. या सगळ्यांचा लाईन लीडर कोण, तर डिप्लोमा करून वर्षभरापूर्वी लागलेला लातूर नाहीतर बुलढाण्याचा बावीस वर्षांचा पोरगा. त्याला यातलं एकही पूर्ण येत नाही, येणं शक्यच नाही, त्याने या चौघांना एकत्र आणून वीस मिनिटांत ठरवलं पाहिजे की लाईन चालवायची की थांबवायची. बदललेलं काम म्हणतात ते हे. माहिती चार ठिकाणी वाटली गेलीय आणि जबाबदारी अजून एकाच्याच गळ्यात.

आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून यात भर पडलीय. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर बनवणाऱ्या लहान कंपन्यांत विचारा, उद्या काय बनवायचं हे मालकालाही धड माहिती नाही. मालकालाच जे माहिती नाही ते तो हुकूम म्हणून सांगणार कसं?

मग कंपन्या काय करतात, तर या पोरांना दोन दिवस लोणावळ्याला नेतात. डोळ्याला पट्टी बांधून दोरी धरायची, फुगे फुगवायचे, कागदाचा टॉवर बांधायचा, शेवटी एकमेकांना टाळ्या. जेवण चांगलं असतं, मीही गेलोय, तक्रार नाही. पण परत आल्यावर पहिल्याच प्रॉडक्शन मिटिंगला प्लांट हेड सगळ्यांसमोर विचारतो, "रिजेक्शन कुणामुळे झालं, नाव सांगा", आणि दोन दिवसांत शिकलेलं तिथेच संपतं. क्वालिटी सर्कलचंही तेच केलं आपण. कल्पना किती चांगली होती, 1980 च्या सुमाराला हैदराबादला भेल या सरकारी कंपनीत सुरू झाली, कामगारांनी आपणहून जमायचं, आपल्या कामातली अडचण आपणच सोडवायची. पुढे त्याच्या स्पर्धा झाल्या, मग स्पर्धेसाठी पीपीटी आली, पीपीटी इंजिनिअर बनवायला लागला आणि कामगाराला इंग्रजीतली चार वाक्यं पाठ करून स्टेजवर उभं करायला लागले. ट्रॉफ्या आल्या, त्या रिसेप्शनच्या काचेत आहेत.

याच्या उलट काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण गाड्यांच्या धंद्यात सगळ्यांना माहिती आहे, पण सांगताना त्यातला अर्धाच भाग सांगतात. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, इतका वाईट चालायचा की रोज पाचातला एक माणूस कामावर नसायचा, युनियन आणि मॅनेजमेंटचं रोज भांडण, गाड्यांची क्वालिटी विचारूच नका. 1982 ला तो बंद केला. 1984 ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावाने परत उघडला, आणि कामगार बहुतेक जुनेच घेतले, तीच युनियन, तीच माणसं. त्यांच्या तुकड्या तुकड्या जपानला नेऊन काम दाखवून आणलं. लहान लहान टीम केल्या, प्रत्येक टीमला कामगारांतूनच एक टीम लीडर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी, अडचण दिसली की ओढायची, वेळेत सुटली नाही तर लाईन थांबणार. थोड्याच काळात त्या कारखान्याची क्वालिटी जपानच्या जवळ गेली. आता सांगायचा राहिलेला अर्धा भाग. जनरल मोटर्सने आपल्या बाकीच्या कारखान्यांमध्ये पण हे सगळं न्यायचा प्रयत्न केला, तिथे ते बरीच वर्षं रुजलंच नाही. दोरी लावणं सोपं होतं, पण दोरी ओढल्यावर धावत आलेला साहेब काय बोलतो त्यावर सगळं अवलंबून. नुम्मीत येऊन विचारायचा "काय झालं, कशी मदत करू", बाकी ठिकाणी "लाईन का थांबवली". आपल्याकडे चाकणला तशी दोरी, बटणं, लाल दिवे सगळं आहे, अँडॉन म्हणतात. दिवा लागल्यावर पहिलं वाक्य काय ऐकू येतं ते जाऊन ऐका.

तर माझा मुद्दा हा, की दुसऱ्याचं ऐकून, समजावून, सगळ्यांना पटेल असं ठरवून ते पार पाडायचं, ही गोष्ट माणूस खऱ्या अधिकाराच्या जागेवर बसूनच शिकतो, जिथे चुकलं तर काहीतरी बिघडणार असतं. खेळातल्या दोरीने काही बिघडत नाही. आणि अशी जागा आपल्या कायद्याने वीस किंवा जास्त कामगारांच्या प्रत्येक कारखान्यात करून ठेवलीय, फक्त आपण तिथे कुणाला बसू देत नाही.

आता तो कायद्याचा भाग. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यावर बाजूने विरुद्ध भरपूर बोललं गेलं. कामावरून काढणं सोपं झालं, 300 पेक्षा कमी कामगार असतील तर सरकारची परवानगी नको, संपाला 14 दिवसांची नोटीस, यावर मोर्चे निघाले आणि त्यातली बरीच भीती मला खरी वाटते. पण औद्योगिक संबंध संहितेत कलम 4 आहे त्यावर कुणी बोलत नाही. जिथे 20 किंवा जास्त कामगार आहेत तिथे तक्रार निवारण समिती पाहिजेच. जास्तीत जास्त दहा माणसं, निम्मी कंपनीची निम्मी कामगारांची. बायकांचं प्रमाण कामगारांमध्ये जेवढं आहे त्यापेक्षा समितीत कमी चालणार नाही. तक्रार 30 दिवसांत निकाली काढायची. निर्णय बहुमताने, पण कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्यापेक्षा जास्त लोकांचा होकार असल्याशिवाय तो निर्णयच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समितीचं अध्यक्षपद एक वर्ष कंपनीच्या माणसाकडे, एक वर्ष कामगाराकडे, आळीपाळीने.

परत वाचा कृपया. एका वर्षी प्रेस मशीनवर काम करणारा माणूस अध्यक्ष आणि एचआर मॅनेजर सदस्य. याच्यापेक्षा मोठी लीडरशिपची शाळा कुठली असू शकते?

आता कुणी म्हणेल नवीन कायद्याचं एवढं कौतुक कशाला. कौतुक नाहीच, कारण हे नवीन नाहीच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 2010 ला दुरुस्ती झाली तेव्हाच ही समिती आली होती, 20 कामगारांचीच अट, सहा सदस्य, 45 दिवस, आणि अध्यक्ष आळीपाळीने. म्हणजे इतकी वर्षं हा नियम होता. त्याच्याही आधी, 1947 पासूनच, 100 किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकारच्या आदेशाने वर्क्स कमिटी, म्हणजे कंपनी आणि कामगारांची संयुक्त समिती, करायची तरतूद होती, ती नवीन संहितेतही तशीच आहे. 1976 ला तर 42 व्या घटनादुरुस्तीने कारभारात कामगारांचा सहभाग हे कलम 43 अ म्हणून राज्यघटनेतच घातलं. कागद आपल्याकडे कधीच कमी नव्हता. आणि नुसता कागदच असं पण नाही, जमशेदपूरला टाटा स्टीलने 1956 च्या करारातून खात्याखात्यात युनियनबरोबर संयुक्त समित्या केल्या आणि चालवल्या, त्याचं उदाहरण पुस्तकात देतात. म्हणजे इच्छा असली तर होतं.

पण आपल्या एमआयडीसीत या समितीचं काय होतं ते सांगतो, आणि कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही कारण सगळीकडे कमीअधिक हेच बघितलंय. ऑडिट जवळ आलं की फाईल निघते. सदस्यांची नावं एचआरचा असिस्टंट लिहितो, सहसा जो "हो साहेब" म्हणणारा आहे त्याचं. सह्या फिरवून घेतात, मशीनवर उभ्या उभ्या, ऑईलच्या हाताने. मिनिट्स (मिटिंगची लेखी नोंद) इंग्रजीत, मागच्या वेळच्याच, तारीख बदललेली. अजेंडा काय तर कॅन्टीनमध्ये केळी वाढवणे. एका ठिकाणी तर अध्यक्ष असलेल्या कामगारालाच आपण अध्यक्ष आहोत हे माहिती नव्हतं, कस्टमरच्या ऑडिटरने नाव घेऊन बोलावलं तेव्हा बिचारा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी तक्रार झालीय.

आणि एका ठिकाणी खरं पण बघितलं. लहान कंपनी, दोनशेच्या आतबाहेर माणसं, नवीन मॅनेजर आला होता, स्वभावाने जरा वेगळा. त्याने त्या वर्षीचं अध्यक्षपद पेंट शॉपमधल्या एका ऑपरेटरला खरोखर दिलं. सुरुवातीच्या मिटिंगा बघवत नव्हत्या. तो काही बोलायचा नाही, एचआरच्या तोंडाकडे बघायचा, कामगारांचे दोन प्रतिनिधी एकमेकांवर ओरडायचे. मग एक तक्रार आली ओटीच्या, म्हणजे जादा पगाराच्या ओव्हरटाईमच्या वाटपाची, की ठराविक लोकांनाच रविवारचं काम मिळतं. आता यात कंपनी विरुद्ध कामगार असं काही नव्हतंच, कामगार विरुद्ध कामगार होतं, आणि ज्यांना ओटी मिळत होता त्यातला एक तर याचा गाववाला. या माणसाने काय केलं, तर मिटिंग थांबवली आणि तीन महिन्यांचा ओटीचा रेकॉर्ड मागवला. रेकॉर्ड आल्यावर मोठ्याने वाचायला लावला. सगळे गप्प. मग तो म्हणाला की आता हे असं का झालं ते आधी सुपरवायझरला विचारू, दोष नंतर देऊ. सुपरवायझर म्हणाला, मला रविवारी पेंट मिक्सिंग येणारी माणसं लागतात आणि ती पाचच आहेत. म्हणजे मूळ अडचण निघाली ट्रेनिंगची. अजून आठ जणांना मिक्सिंग शिकवायचं ठरलं, तोपर्यंत पाळी लावायची ठरली, आणि गाववाला महिनाभर याच्याशी बोलत नव्हता. तो ऑपरेटर आज कुठे मॅनेजर वगैरे झाला नाही, तिथेच आहे. पण लाईनवर काहीही अडलं की लोक त्याच्याकडे जातात. आणि खरं सांगू, त्याच्यापेक्षा जास्त शिकला तो एचआरवाला, ज्याला पहिल्यांदा हात वर करून बोलायची परवानगी मागावी लागली.

कामगारांच्या निम्म्यापेक्षा जास्त प्रतिनिधींना पटलं पाहिजे ही जी अट आहे ना, ती फार हुशारीची आहे. तिच्यामुळे कंपनीला नुसती आपली पाच मतं अधिक एक फोडलेलं मत असं करून निर्णय रेटता येत नाही. पटवावंच लागतं, आणि पटवायला आधी ऐकावं लागतं.

लोक म्हणतात आपल्या माणसांना हे जमत नाही, आपल्याला साहेब लागतो. हे मला अजिबात पटत नाही. ज्या मुली आज चाकणला लाईनवर उभ्या आहेत त्यांच्या आया गावाकडे बचत गट चालवतात. दर आठवड्याला मिटिंग, प्रत्येकीची बचत सगळ्यांसमोर मोजायची, कर्ज कुणाला आधी द्यायचं हे दहाबारा बायकांनी बसून ठरवायचं, जिची फेड थांबली तिच्याशी कसं बोलायचं तेही, आणि हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 ला सुरू झालं, उमेद हे राज्य सरकारचं अभियान 2011 ला, दोन्ही आज हे काम करतायत. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले त्याचं आज लिज्जत झालंय, चाळीस हजारांच्या वर बायका, आणि तिथे पापड लाटणारी कुणी नोकर नाही, प्रत्येक लाटणारी बहीण मालक आणि शाखेची संचालिका त्यांच्यातलीच. गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव घ्या. तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवतच नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत विषय पुढे ढकलला जातो, आणि ठरवायच्या आधी समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट बसतो. तिथले नेते देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना माहिती आहे पण ते स्वतः कधी मी ठरवलं म्हणत नाहीत. वेळ लागतो म्हणून लोक हसायचे. त्याच गावाने 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 ला आपला बांबू आपण विकायचा अधिकार वनखात्याकडून घेतला, केंद्राच्या मंत्र्यांना गावात येऊन बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पास बुक द्यावं लागलं. (डबेवाल्यांचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही, मॅनेजमेंटच्या प्रत्येक भाषणात ते असतं आणि भाषण करणाऱ्याने कधी डब्याची लाकडी पेटी डोक्यावर घेतलेली नसते.)

म्हणजे आईला येतं आणि मुलगी कंपनीत आल्यावर तिला "अनस्किल्ड" या कॉलममध्ये टाकतात. तिला कुणी विचारत नाही की बाई तुझ्या घरात मिटिंग कशी चालते. पुण्यातच टाटा मोटर्सची हॅरियर आणि सफारीची लाईन दीड हजार बायकांनी चालवून दाखवली, तरी ऑटो पार्टच्या लहान कंपन्यांत समितीत बाई म्हणजे रिसेप्शनवरच्या मॅडमचं नाव, हा प्रकार चालूच आहे.

आणि ज्या पोरांना आपण टीम लीडर करतो त्यांनी याआधी एकत्र बसून काही ठरवलंय कधी? शाळेत मॉनिटर बाई नेमतात. कॉलेजच्या निवडणुका 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गेल्या, मार्कांवर प्रतिनिधी नेमायला लागले, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो सगळ्यांचा पुढारी, काय संबंध? मारामाऱ्या व्हायच्या हे खरं, मीही बघितल्यात. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, 2019 ला होणार म्हणून तयारीही झाली आणि पुढे ढकलल्या. त्यामुळे पंचविशीतल्या मुलाला हरल्यावर पण त्याच लोकांबरोबर काम कसं करायचं याचा अनुभवच नाही. आयटीआयमध्ये मी गटाने करायचं काम दिलं की एकटा हुशार मुलगा सगळं करतो आणि बाकीचे नावं लिहितात. आता मी काय करतो, काम झाल्यावर गटातल्या सगळ्यात गप्प मुलाला उभं करून विचारतो, आणि मार्क त्याच्या उत्तरावर सगळ्यांना. पहिल्यांदा हुशार पोरं चिडतात, मग गप्प बसलेल्याला शिकवायला लागतात.

कायद्यात भोकं पण आहेत, ती सांगितली पाहिजेत. शिकाऊ उमेदवार या संहितेत "कामगार" नाही. सुपरवायझरचं काम करणारा आणि 18 हजारांच्या वर पगार असलेला पण नाही. म्हणजे तो वर सांगितलेला लातूरचा पोरगा, तो समितीत कामगार म्हणून बसू शकत नाही आणि मॅनेजमेंट त्याला आपल्यातला मानत नाही. ठेकेदाराच्या माणसाचा मालक ठेकेदार, आणि त्याच्याकडे 20 किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने त्याने त्याची समिती करायला पाहिजे. ती समिती बसलेली कुणी बघितली असेल तर मला दाखवा, चहा माझ्याकडून. म्हणजे आज कित्येक लाईनवर उभी असलेली अर्धी अधिक माणसं या समितीच्या बाहेरच राहतात. याला कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, शिकाऊ मुलांना आणि लाईन लीडरला मिटिंगला नुसतं बसू तर द्या, मत नको देऊ दे.

चाकण, तळेगाव, रांजणगावला जर्मन कंपन्या पुष्कळ आहेत, त्यांना तर हे नवीन नाहीच. त्यांच्या देशात पाच किंवा जास्त कामगारांच्या कंपनीत कामगारांना आपली परिषद निवडता येते, आणि 1976 पासून 2000 च्या वर माणसं असलेल्या मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्मे प्रतिनिधी कामगारांचे. पण मला आवडते ती त्यातली एक छोटी गोष्ट. परिषदेवर निवडून आलेल्या माणसाला चार वर्षांच्या मुदतीत शिकण्यासाठी तीन आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पहिल्यांदाच निवडून आला असेल तर चार आठवडे. हिशोब वाचायला शिक, कायदा शिक, मिटिंग चालवायला शिक. तिथलं सगळं गोड आहे असं नाही, तिथेही कारखाने बंद होतायत आणि माणसं कमी करतायत. पण बंद करायचं ठरलं तरी समोर बसून बोलायला शिकलेली माणसं दोन्ही बाजूंना असतात. आपल्याकडे त्याच कंपन्या येतात तेव्हा हे सामान मागेच ठेवून येतात, कारण आपण मागत नाही.

युनियनवाल्यांनाही दोन शब्द सांगतो, रागावू नका. आपण एका नेत्याच्या सवयीचे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर लोकांचं प्रेम होतं त्यात वादच नाही, आणि कायद्याने मान्यता मात्र दुसऱ्याच युनियनला. एका बाजूला कायदा एकाच आवाजाशी बोलणार, दुसऱ्या बाजूला सगळं एका माणसाच्या शब्दावर, मग मधे बसून रस्ता काढणारं कुणी उरलंच नाही. गिरण्यांच्या जागेवर काय उभं आहे ते दिसतंच. आता नवीन संहितेत 51 टक्के सभासद असलेली युनियन नसेल तर वाटाघाटीसाठी परिषद करायची आणि 20 टक्के किंवा जास्त सभासद असलेल्या प्रत्येक युनियनला तिच्यात जागा. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात 30 टक्के सभासद दाखवले की एकटीला मान्यता मिळायची, त्यामुळे दुसरीला संपवणं हाच उद्योग. आता दोन झेंडे एका टेबलावर बसणार. गेटवर एकमेकांच्या पाट्या फाडणारे लोक एका मागणीपत्रावर सही कशी करणार, हे कोण शिकवणार त्यांना? युनियनने आपल्या पोरांसाठी पण वर्ग घ्यावेत, नुसत्या घोषणा पाठ करून होणार नाही.

कुणी विचारेल, सगळ्यांनी मिळून ठरवायचं तर काम कधी करायचं. बरोबर आहे, आग लागली तर मिटिंग घेत नाहीत, तिथे सेफ्टी ऑफिसर सांगेल तेच. आणि "सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही" हे पण मी डोळ्याने बघितलंय, म्हणून ठरवायचं सगळ्यांनी पण पुढे नाव एकाचंच लिहायचं, तारखेसकट. हे न केल्यामुळे कितीतरी चांगल्या समित्या चहाबिस्किटापुरत्या उरल्या. मिनिट्स मराठीत पाहिजेत, गरज असेल तिथे हिंदीत, आणि नोटीस बोर्डवर, एचआरच्या कपाटात नाही. कामगार प्रतिनिधी मुकादमाने नेमू नयेत, निवडून यावेत. लोणावळ्याला जे पैसे जातात त्यातले थोडे तरी या दहा लोकांना ताळेबंद वाचायला शिकवण्यावर घालवा, कंपनीचा सीए येऊन दुपारभर समजावेल, त्याला काय जड आहे. आणि कामगार खात्याला आता सगळे रिटर्न ऑनलाईन पाहिजे असतात, तर त्यात एक रकाना असाही ठेवा, की चालू वर्षी अध्यक्ष कुठल्या बाजूचा. एका रकान्याने फार काही खर्च येत नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एवढे वार्ताहर आहेत, एखाद्याला चाकणच्या चारपाच कंपन्यांत पाठवा. जास्त काही विचारायचं नाही, फक्त तक्रार समितीच्या अध्यक्षाला भेटायचंय म्हणायचं आणि शेवटच्या मिटिंगची मिनिट्स बघायला मागायची. जे दिसेल ते करिअरच्याच पानावर छापा. फक्त गुरुवारी पाठवू नका, एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असते.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर,
भोसरी, पुणे